परदेशातून पहिल्यांदा माल मागवताय? ऑर्डरीआधी बंदर ठरवा

कोल्हापूरला समुद्र नाही आणि देशाची सीमा तर फारच लांब. तरी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणि इचलकरंजीत कुणी ना कुणी पहिल्यांदाच परदेशी मशीनचं कोटेशन उघडून बसलेलं असतं. गडबड बहुतेक वेळा एकाच क्रमानं होते. मशीन पसंत पडतं, घासाघीस होऊन भाव ठरतो, ॲडव्हान्स जातो आणि मग पुरवठादार विचारतो, ‘माल कोणत्या बंदरावर पाठवू?’ आपण ‘मुंबई’ लिहितो आणि मोकळे होतो.

मुंबई म्हणजे तीन निरनिराळी दारं. बॅलार्ड पिअरकडचं जुनं मुंबई बंदर, खाडीपलीकडे उरणजवळ न्हावाशेवा आणि सहारचं एअर कार्गो. तिन्हींचे सीमाशुल्क खात्यातले कोड वेगळे, अधिकारी वेगळे, कामाची रीत थोडीफार वेगळी. कागदावर एक ठिकाण आणि माल दुसरीकडे असं झालं की दुरुस्तीचे अर्ज सुरू होतात, आणि बंदरात अडकलेल्या मालाला दिवसाचं भाडं लागतं. म्हणून बंदर आधी ठरवा, ऑर्डर नंतर द्या. या लेखात जे पुढं येतंय ते सगळं या एका सल्ल्याभोवती आहे.

दार म्हणजे नक्की कोणतं

परदेशी माल देशात कुठूनही आणता येत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७ खाली सरकार अधिसूचना काढून जागा जाहीर करतं: बंदरं, विमानतळ, इनलँड कंटेनर डेपो म्हणजे आपण ज्याला ड्राय पोर्ट म्हणतो ते, जमिनीवरची सीमाशुल्क स्थानकं, परदेशी टपालाची कार्यालयं आणि आंतरराष्ट्रीय कुरिअर टर्मिनल. यादीबाहेरच्या किनाऱ्यावर उतरवलेला माल कितीही साधा असला तरी कायद्याच्या लेखी तस्करीचाच.

माणसांची दारं वेगळी. ती इमिग्रेशनच्या चौक्या म्हणून गृह मंत्रालय ठरवतं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. जुने चार कायदे, त्यातला सगळ्यात जुना १९२० चा, त्यानं मोडीत काढले. मालाचं दार आणि माणसाचं दार एकाच ठिकाणी असेलच असं नाही. ड्राय पोर्टवर कंटेनर येतो, माणूस येऊ शकत नाही.

जमिनीवरच्या दारांशी कोल्हापूरचा संबंध कमी. पेट्रापोल, रक्सौल, आगरतळा ही मोठी ठिकाणं २०१२ साली स्थापन झालेल्या लँड पोर्ट्स अथॉरिटीकडे आहेत. बांगलादेश किंवा नेपाळशी व्यवहार करणार असाल तरच तिकडं बघा.

उजळाईवाडीचा आपला विमानतळ देशांतर्गत आहे. तिथं कस्टम्स नाही, इमिग्रेशनही नाही. दुबईहून मुंबईमार्गे कोल्हापूरला येणाऱ्याचा देशात प्रवेश मुंबईतच होतो, उजळाईवाडीला तो फक्त घरी येतो.

रत्नागिरी जवळ आहे की!

हा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो, आणि प्रश्न चुकीचा नाही. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, थोडं वर जयगड. न्हावाशेवा मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. पण जयगडला मुख्यतः कोळसा-खनिजासारखा सुटा माल जहाजंच्या जहाजं भरून येतो. तुमचा एक वीस फुटी कंटेनर चीन, तैवान किंवा जर्मनीहून नियमित फेरीनं आणणारी शिपिंग लाईन न्हावाशेव्याला लागते. गोव्याच्या मुरगावचीही गोष्ट बरीचशी अशीच. नकाशावरचं अंतर इथं कामाचं नाही. कोणती लाईन किती वेळा कुठं येते आणि तिथं तुमच्या मालाची तपासणी करणारी यंत्रणा आहे का, हे पाहायचं.

न्हावाशेवा बंदर १९८९ पासून चालू आहे. अधिकृत नाव बदललं तरी ट्रकवाले अजून ‘जेएनपीटी’च म्हणतात. पहिल्या आयातीला मी डोळे झाकून हेच सुचवीन. ब्रोकर भरपूर, जहाजं भरपूर, परतीच्या गाड्या मिळतात. तळेगावसारख्या ड्राय पोर्टपर्यंत कंटेनर नेऊन तिथं कस्टम्स करण्याचा पर्याय आहे, पण एक टप्पा वाढतो आणि त्या टप्प्यावर अडलं तर कुणाला फोन करायचा हे पहिल्या वेळी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला भाव काढून बघा.

हलकं, महाग आणि तातडीचं असेल, म्हणजे सीएनसीचं कार्ड, स्पिंडल, सेन्सर, तर विमानानं सहारला. किलोभराचा स्पेअर असेल तर आंतरराष्ट्रीय कुरिअर. कुरिअर कंपनी स्वतःच कस्टम्सचं काम करते, मात्र केवायसीची कागदं तिला आधी द्यावी लागतात. ती दिली नाहीत की पार्सल मुंबईत बसून राहतं आणि ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य दिसतं.

काही माल तर ठरावीक दारांनीच येऊ शकतो. फौंड्रीवाल्यांनी हे नीट वाचा. तुकडे न केलेलं धातूचं भंगार फक्त यादीतल्या बंदरांवरच उतरवता येतं, आणि त्यासोबत माल निघण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेनं दिलेला तपासणी दाखला लागतो. त्यात स्फोटकं नाहीत, किरणोत्सर्ग नाही, हे लिहिलेलं असतं. रोपं-बियाण्यांना प्लँट क्वारंटाईनची, म्हणजे कीड-रोग तपासणीची, ठिकाणं ठरलेली. औषधांना, नव्या गाड्यांना, पाळीव जनावरांनासुद्धा स्वतंत्र याद्या. तुमच्या वस्तूवर असं बंधन आहे का, हे डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) आयात धोरणात त्या वस्तूच्या कोडसमोर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका.

घरी बसून करायची कामं

पहिला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड क्रमांक. पॅनवर मिळतो, डीजीएफटीच्या संकेतस्थळावर अर्ज, फी ५०० रुपये. कुठं जायला लागत नाही, एजंटाला हजारो रुपये द्यायचं कारणही नाही. आयईसी आयुष्यभर चालतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. काही बदललं नसेल तरी ‘बदल नाही’ अशी नोंद करायची. नाहीतर तो बंद पडतो, आणि हे कळतं जहाज लागल्यावर.

दुसरं काम बँकेचं. परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा चौदा आकडी एडी कोड घ्या. आपल्याकडे बऱ्याच कारखानदारांची चालू खाती सहकारी बँकांत असतात. तुमच्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचं काम होतं की ती दुसऱ्या बँकेमार्फत करते, हे आधीच विचारून ठेवा. नंतर आइसगेट या सीमाशुल्क खात्याच्या पोर्टलवर नोंदणी.

तिसरा कस्टम्स ब्रोकर. बाजारात त्याला अजून सीएचए म्हणतात. परवाना बघा, तुमच्या प्रकारचा माल त्यानं सोडवलाय का ते विचारा, आणि दर मागताना ‘माझ्या कारखान्याच्या दारापर्यंत एकूण किती’ असा मागा. नाहीतर एजन्सीचे तीन हजार सांगून बाकीची बिलं मागाहून येतात: टर्मिनल हँडलिंग, शिपिंग लाईनच्या डिलिव्हरी ऑर्डरचं (माल सोडायच्या पत्राचं) शुल्क, सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड, क्रेन, स्कॅनिंग, वाहतूक.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो एचएसएन कोडला, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाला. आठ आकडे. या आकड्यांवर ड्युटीचा दर ठरतो, परवाना लागतो की नाही ते ठरतं, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का लागतो का तेही ठरतं. पुरवठादार जो कोड पाठवतो तो त्याच्या देशाचा असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. आणि पहिल्या सहांतही तो चुकलेला असू शकतो. कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. वाळूचा साचा तयार करणारं मोल्डिंग मशीन ८४७४ मध्ये येतं. धातू ओतण्याचं कास्टिंग मशीन आणि लॅडल ८४५४ मध्ये. साच्याचा बॉक्स आणि पॅटर्न ८४८० मध्ये. व्हीएमसी ८४५७, लेथ ८४५८. फौंड्रीतला माणूस या सगळ्याला ‘मोल्डिंगचं सामान’ म्हणतो आणि इन्व्हॉइसवर पुरवठादारही ‘फौंड्री इक्विपमेंट’ एवढंच लिहितो. अशा इन्व्हॉइसवर अधिकारी शंका काढणारच. कॅटलॉग, मशीनचा फोटो आणि काम कसं चालतं याची पानभर माहिती ब्रोकरला आधीच द्या, कोड लेखी घ्या.

ऑर्डर देताना

बंदराचं नाव पूर्ण लिहा: न्हावाशेवा, भारत. मग प्रश्न भाड्याचा. नवखा माणूस सीआयएफ भाव पसंत करतो, कारण भाडं-विमा पुरवठादाराकडे आणि आपली डोकेदुखी नाही. पूर्ण कंटेनर असेल तर ठीक. पण दोन-चार पेट्या असतील, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमधून येणाऱ्या, तर सावध राहा. तिकडचा फॉरवर्डर, म्हणजे माल पोचवायची व्यवस्था करणारा, पुरवठादाराला जवळजवळ फुकटात भाडं देतो आणि ती भरपाई इथं तुमच्याकडून करतो. डिलिव्हरी ऑर्डर त्याच्या इथल्या एजंटाच्या हातात असते, त्यामुळे तो सांगेल तो आकडा भरावा लागतो. अशा मालाला एफओबी भाव, म्हणजे तिकडच्या जहाजावर माल चढेपर्यंतचाच, घ्या आणि फॉरवर्डर आपला लावा.

माल निघण्याआधी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाईनच्या मालाच्या पावतीचा, मसुदा मागवा. तिन्हीवर नाव आयईसीप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखं हवं. ‘इंडस्ट्रीज’ आणि ‘इंडस्ट्रियल’ हा फरक कोल्हापुरात कुणाला खटकत नाही, संगणकाला खटकतो. बिल ऑफ लेडिंगवर आयईसी, जीएसटी क्रमांक, पॅन आणि ईमेल शिपिंग लाईन मागतातच. वजन आणि पेट्यांची संख्या पॅकिंग लिस्टशी जुळवून बघा.

आणि लाकूड. मशीन लाकडी पेटीत किंवा पॅलेटवर येत असेल तर त्या लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. पुरवठादाराला पेटीचा जवळून फोटो पाठवायला सांगा. चौकोनात डावीकडं गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, शेजारी देशाचा कोड, कारखान्याचा नंबर आणि ‘एचटी’, म्हणजे लाकूड तापवून किडमुक्त केलंय. शिक्का पुसट असेल तर तिथंच पुन्हा मारून घ्या. इथं आल्यावर लाकडाच्या चार फळ्यांसाठी चाळीस लाखांचं मशीन अडतं.

एखाद्या देशाशी असलेल्या व्यापार कराराचा फायदा घेऊन ड्युटी कमी भरायची असेल तर उगमाचा दाखला नुसता असून भागत नाही. २०२० पासून आयातदारानं स्वतःकडे माहिती ठेवायची आहे: माल त्या देशात खरोखर बनला कसा, किती मूल्य तिथं वाढलं. अधिकाऱ्यानं विचारलं तर ती द्यावी लागते. पुरवठादार ‘ते आमचं गुपित’ म्हणत असेल तर सवलत धरून हिशेब करू नका.

निर्यात करणाऱ्या फौंड्र्यांसाठी ईपीसीजी ही योजना आहे. मशीनवरची ड्युटी शून्य, बदल्यात वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत. मात्र परवाना हातात आणि बाँड भरलेला, हे दोन्ही माल लागायच्या आधी झालेलं हवं.

जहाज लागण्याआधी आणि नंतर

आता घड्याळ सुरू होतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे ‘हा माल मी आणतोय, त्याची ही किंमत, हा कोड, ही ड्युटी’ असं आयातदाराचं निवेदन, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचं. अपेक्षित तारखेच्या ३० दिवस आधीपासून करता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढं रोज १०,००० रुपये. टोल बंद पाडलेलं आपलं गाव, पण या नाक्यावर आंदोलन चालत नाही.

कागदं ई-संचितवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या ऑनलाईन सोयीवर, चढतात. २०२० पासून तपासणी ‘फेसलेस’ आहे, तेव्हा तुमचं बिल चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी बघत असू शकतो. ओळख काढून कुणाला फोन लावायची सवय इथं उपयोगाची नाही. त्याची शंका पोर्टलवर येते, उत्तरही तिथंच द्यायचं, आणि उत्तर म्हणजे कागद: करारपत्र, बँकेचा स्विफ्ट संदेश, कॅटलॉगचं पान. शंका आली त्याच दिवशी उत्तर गेलं तर काम पुढं सरकतं. म्हणून माल येणार त्या आठवड्यात मालकानं लग्नसराईला बाहेरगावी जाऊ नये.

बरीचशी बिलं संगणकाच्या जोखीम-छाननीतून तपासणीशिवाय सुटतात. पहिल्यांदाच आयात करणाऱ्याचा माल उघडून बघण्याची शक्यता जास्त, त्याला घाबरायचं काही नाही. पेटीवरचा मॉडेल नंबर आणि इन्व्हॉइसवरचा नंबर जुळला की झालं.

ड्युटीचा हिशेब एकदा हातानं करून बघा, मग ब्रोकरचं बिल वाचता येतं. समजा मशीन भाडं-विम्यासह दहा लाखांचं आणि मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के. तर ७५,००० रुपये. त्यावर दहा टक्के सामाजिक कल्याण अधिभार, म्हणजे ७,५००. आता आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, मूळ दहा लाखांवर नाही, ही सगळी बेरीज म्हणजे १०,८२,५०० वर लागतो. अठरा टक्क्यांनी १,९४,८५०. एकूण भरायचे २,७७,३५०. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसायला हवं. मग खरा बोजा ८२,५०० चा. पण रोख मात्र त्या दिवशी पावणेतीन लाखांच्या वर लागते. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, सगळाच खर्च. रुपयातली किंमत काढताना बँकेचा दर धरू नका, सीमाशुल्क खात्यानं जाहीर केलेला दर लागतो. आणि भाड्याचा कागद नसेल तर एफओबी किमतीच्या वीस टक्के भाडं धरलं जातं, जे खऱ्या भाड्याच्या कितीतरी वर जाऊ शकतं.

बिल निर्धारित होऊन परत आलं की सुट्टी सोडून एका दिवसात ड्युटी भरायची. पुढं वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. मग ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडायचा कस्टम्सचा हुकूम, मिळतो, शिपिंग लाईनचे पैसे भरून डिलिव्हरी ऑर्डर मिळते, आणि गाडी गेटबाहेर पडते. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायला काढण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे.

इथं एक निर्णय कोल्हापूरकरांना हमखास घ्यावा लागतो: कंटेनर तसाच कारखान्यात आणायचा, की सीएफएसवर उतरवून साध्या ट्रकमध्ये भरायचा? कंटेनर शिपिंग लाईनचा असतो, मोकळा झाल्यावर तिच्या डेपोत परत द्यावा लागतो. म्हणजे जाऊन-येऊन भाडं, वर ठरलेल्या मोफत दिवसांपेक्षा उशीर झाला तर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचा रोजचा आकार. खंबाटकीत गाडी अडली, कारखान्यात क्रेन मिळाली नाही, रविवार आला, की दिवस गेलेच. पेट्यांचा माल असेल तर खुशाल उतरवून घ्या. जड, नाजूक मशीन मात्र दोनदा उचलायला लावू नका. जास्तीचे मोफत दिवस ऑर्डर देतानाच शिपिंग लाईनकडून मागून घ्या. तेव्हा सहज मिळतात, नंतर हात जोडूनही मिळत नाहीत.

माल घरी आला तरी एक काम उरतं. बँकेतून गेलेला पैसा आणि बिल ऑफ एंट्री यांची नोंद बँकेत जुळवून घ्या. ॲडव्हान्स लोंबकळत राहिला तर पुढच्या ऑर्डरीला बँक हात आखडते.

इचलकरंजीचे जुने माग

वापरलेले रॅपियर किंवा एअरजेट माग आणणारे इचलकरंजीत नवीन नाहीत. जुनी भांडवली यंत्रं साधारणपणे आणता येतात, पण किंमत तुम्ही सांगाल ती धरली जात नाही. चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो: कोणत्या साली बनलं, नवं असताना किंमत किती, आज अवस्था काय, किती वर्षं चालेल. हा दाखला तिकडं माल चढण्याआधी घेतलेला असला तर सोपं जातं. नसेल तर बंदरात नेमलेल्या इंजिनिअरकडून पाहणी होते, तोवर भाडं चालू. मागांसोबत ‘जागा आहे तर’ म्हणून जुने संगणक किंवा कंट्रोल पॅनेलचे सुटे बोर्ड भरून आणायचा मोह टाळा. जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचे नियम फार कडक आहेत आणि एका पेटीपायी आख्खा कंटेनर थांबतो.

निर्यात केलेलं कास्टिंग परत आलं तर

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. ग्राहकानं माल नाकारला, तो परत येतोय. हीसुद्धा आयातच. सीमाशुल्क खात्याच्या अधिसूचनेखाली तीन वर्षांच्या आत परत आलेल्या मालावर पूर्ण ड्युटी लागत नाही, पण निर्यातीवेळी ड्रॉबॅक (कच्च्या मालावरच्या ड्युटीचा परतावा), आयजीएसटीचा परतावा असा जो फायदा घेतला किंवा जो कर भरला नाही, तेवढी रक्कम परत करावी लागते. अट एकच महत्त्वाची: हा तोच माल आहे हे पटवता आलं पाहिजे. इथं कास्टिंगवर ओतलेला पार्ट नंबर आणि हीट कोड कामाला येतो. निर्यातीच्या पॅकिंग लिस्टवर हीट कोड लिहायची सवय लावा. शिपिंग बिलात नुसतं ‘सीआय कास्टिंग’ आणि किलोत वजन असेल तर तोच माल आहे हे सिद्ध करताना दमछाक होते.

मशीन जोडायला येणारा परदेशी इंजिनिअर

मशीन आलं की त्याचा माणूस येतो. त्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका, कामाच्या स्वरूपाप्रमाणे योग्य प्रकार तिकीट काढण्याआधी ठरवा. ई-व्हिसा असेल तर तो ठरवून दिलेल्या दारांनीच आत येऊ शकतो. बाहेर जायला कोणतीही इमिग्रेशन चौकी चालते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड आहे, ते येण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाईन भरायचं.

तो हॉटेलात उतरला तर परदेशी पाहुण्याची माहिती कळवणारा फॉर्म (जुनं नाव फॉर्म सी) हॉटेलवाला भरतो. तुमच्या गेस्ट हाउसवर किंवा घरी ठेवलात तर तो फॉर्म २४ तासांच्या आत तुम्ही भरायचा. कोल्हापूरकरांना पाहुण्याला घरी ठेवून तांबडा-पांढरा खिलवायची हौस असते, तेव्हा हे लक्षात ठेवा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर जास्त राहणारा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. आणि त्याला सांगा, सुटे भाग सुटकेसमधून आणू नकोस. ते वैयक्तिक सामान धरलं जात नाही. कंपनीच्या नावानं, इन्व्हॉइससह कुरिअरनं आलेले बरे.

आणि तुम्ही स्वतः प्रदर्शन बघून परत येता तेव्हा

परदेशातून आल्यावर इमिग्रेशन भारतातल्या पहिल्या विमानतळावर होतं. मुंबईहून पुढं कोल्हापूरचं विमान असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईत, बॅगा तिथंच घ्यायच्या, पुन्हा द्यायच्या. दोन विमानांत सढळ वेळ ठेवा, आणि पुढचं विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे ते तिकिटावर बघा. दोन टर्मिनलांमध्ये रस्त्यानं जावं लागतं.

सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवी वाट, असेल तर लाल. २०१६ च्या बॅगेज नियमांत करमुक्त सामानाची मर्यादा ५०,००० रुपये होती. हा आकडा सरकार बदलतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर किंवा अतिथी ॲपवर ताजा बघून घ्या. दागिन्यांची वजनाची सवलत, पुरुषाला २० आणि स्त्रीला ४० ग्रॅम, वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. आठ दिवसांच्या दुबई सहलीला ती लागू नाही, नाण्या-बिस्किटांना तर नाहीच. गुजरीतला सराफ काहीही सांगो. परकीय चलनाच्या नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर जाहीर करायचं. ई-सिगारेट आणूच नका, देशात २०१९ पासून बंदी आहे.

मुलं परदेशात असतील तर टपालानं ‘गिफ्ट’ लिहून आलेलं पार्सल करमुक्त सुटतं हा समज सोडून द्या. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी सुटते, राखीबरोबरची भेट नाही.

इस्राएल-हॉलंडच्या अभ्यास दौऱ्याला जाणाऱ्या शेतकऱ्यांना मुद्दाम सांगायचं ते बियाण्याबद्दल. खिशात दोन पुड्या टाकून आणायच्या नाहीत. आयात परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला, दोन्ही हवेत, आणि माल प्लँट क्वारंटाईनचा अधिकारी असलेल्या दारानंच यायला हवा. ढबू मिरचीचं नवं वाण खरंच हवं असेल तर तिथल्या कंपनीचा भारतातला वितरक विचारून या. बहुतेक वेळा तो असतो, आणि बियाणं तुमच्या तालुक्याच्या दुकानात मागवता येतं.